जेबेना कुणाच्या हातची?

गोंदार हे उत्तर इथिओपियातलं जुनं राजधानीचं शहर. १८५०-६०च्या सुमारास तिथल्या एखाद्या ख्रिस्ती घरातून भाजत्या कॉफीचा वास आला असता, तर त्या घराच्या धर्माविषयी शंका घेतली गेली असती. कॉफी हे मुसलमानांचं पेय होतं. दक्षिणेकडच्या ओरोमो लोकांचं, चर्चच्या लेखी धर्माबाहेर असलेल्यांचं पेय होतं. तंबाखू आणि चघळायची खातची पानं यांच्या जोडीला चर्चनं कॉफीलाही बसवलं होतं, आणि श्रद्धावान ख्रिस्ती माणसानं तिन्हींपासून दूर राहावं अशी अपेक्षा होती. आज त्याच गोंदारमध्ये चर्चमधली प्रार्थना आटोपून घरी आलेली बाई शेगडी पेटवते, हिरव्या बिया धुवायला घेते आणि शेजारणींना हाक मारते.

इथिओपियाच्या कॉफी-समारंभाबद्दल लिहिताना ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं सर्रास म्हटलं जातं. झुडूप तेवढं जुनं आहे, यात वाद नाही. नैर्ऋत्येकडच्या जंगलपट्ट्यात आणि पूर्वेच्या मुस्लिम मुलखात कॉफीचा वापरही जुना आहे. पण गवत अंथरून, धूप घालून, तीन फेऱ्यांची कॉफी घरोघर होते ती आजची देशव्यापी प्रथा उत्तरेच्या ख्रिस्ती पठारावर रुजली त्याला जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षं झाली. आणि ती रुजवली ती दरबारानं आणि धर्मपीठानं ज्यांना कमी लेखलं त्याच माणसांनी. प्रथेचं वय त्यामुळे कमी भरतं, पण तिची किंमत माझ्या मते वाढते.

आधी झुडपाविषयी. अरेबिका जातीची कॉफी जंगलात आपोआप वाढते ती मुख्यतः काफा, जिम्मा, इलुबाबोर या नैर्ऋत्य इथिओपियाच्या पावसाळी डोंगरांत. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे झुडूप दोन वेगळ्या कॉफी-जातींच्या नैसर्गिक संकरातून झालेलं आहे. हा संकर सुमारे सहा लाख वर्षांपूर्वी घडला असावा, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात मांडला आहे. लिनियसनं १७५३ साली तिचं नाव अरेबिका ठेवलं, कारण युरोपला ती अरबस्तानातून मिळत होती. आफ्रिकेतलं माहेर अशा रीतीनं नावातून पुसलं गेलं.

बकऱ्या लाल फळं खाऊन नाचू लागल्या आणि काल्दी नावाच्या गुराख्याला कॉफीचा शोध लागला, ही गोष्ट आता अदिस अबाबातल्या दुकानांच्या पाट्यांवरही असते. लिखित स्वरूपात ती प्रथम दिसते ती १६७१ साली, रोममध्ये छापलेल्या एका लॅटिन पुस्तिकेत. लेखक अँटोनियस फाउस्टस नैरोनस, लेबनॉनच्या मारोनाइट पंथातला विद्वान. काल्दी हे नाव त्याच्याकडे नाही. ते मागाहून चिकटलं. गोष्ट गोड आहे, पण तिनं एक अन्याय केला. कॉफीचा शोध तिनं एका दुपारच्या योगायोगावर सोपवला आणि पिढ्यान् पिढ्या त्या जंगलात राहून पान, साल, गर, बी या प्रत्येकाचा उपयोग जाणणाऱ्या लोकांना बाजूला सारलं.

त्या लोकांचं ज्ञान आजही दिसतं. पूर्वेच्या हरारमध्ये कॉफीची पानं भाजून, उकळून ‘कुती’ करतात. सुकलेल्या फळाच्या टरफलांचाही काढा होतो. ओरोमो घरांत ‘बुना काला’ होतं: कॉफीची अख्खी फळं लोण्यात परतायची, फळ तडकलं की तो क्षण शुभ मानायचा आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादासह ती वाटायची. अठराव्या शतकात इथिओपियात हिंडलेल्या जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशानं लिहिलं आहे की ओरोमो योद्धे भाजलेल्या कॉफीची पूड लोण्यात मळून तिचे गोळे चामड्याच्या पिशवीत बरोबर नेत आणि लांबच्या मोहिमेत त्यावर दिवस काढत. म्हणजे कॉफी प्यायच्या आधी, किंवा निदान पिण्याबरोबरच, खाल्ली जात होती.

पेय म्हणून तिचा बोलबाला झाला तो तांबड्या समुद्रापलीकडे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जपासाठी जागं राहायला कॉफी पीत. मोखा बंदर तिच्यावर श्रीमंत झालं. त्याच समुद्रवाटेवरून माणसंही विकली जात होती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मला, त्याचं मूळ नाव चापू; त्याला मोखाच्या बाजारात विकलं गेलं आणि हात बदलत बदलत तो दख्खनला पोचला. त्यानं बांधलेली औरंगाबादची नहर पाहणाऱ्याला कॉफी आठवत नाही, पण नहर बांधणारा आणि कॉफी या दोन्हींचा उगम एकाच मुलखात आहे.

येमेनशी असलेल्या या नात्यामुळेच पठारावरच्या ख्रिस्ती राज्याला कॉफी परकी आणि परधर्मी वाटली. सोळाव्या शतकात हरारच्या बाजूनं आलेल्या इमाम अहमद इब्न इब्राहिमच्या फौजांनी चर्च जाळली होती, ती जखम विसरली गेली नव्हती. कुणी काय पितं यावरून तो कोण आहे हे ठरत होतं. पठारावरच्या ख्रिस्त्यांचं पेय म्हणजे मधाची ‘तेज’ आणि धान्याची ‘तेल्ला’. १६९९ साली गोंदारच्या दरबारात आलेला फ्रेंच वैद्य शार्ल पोंसे सांगतो की कॉफीचं झाड इथे केवळ कुतूहल म्हणून लावतात. ज्या देशानं जगाला कॉफी दिली त्याच्या राजधानीत ती शोभेचं झाड होती.

मग हे बदललं कधी? इतिहासकार रिचर्ड पँकहर्स्ट यांनी या प्रश्नाचा नीट माग काढला आहे. त्यांच्या मते १८८०च्या दशकात, आणि त्यातही पहिल्या पाच-सहा वर्षांत, ख्रिस्ती समाजात कॉफी झपाट्यानं पसरली. त्याचं श्रेय ते दोघांना देतात. एक मेनेलिक दुसरा, तेव्हा मध्य इथिओपियातल्या शेवाचा राजा आणि १८८९ पासून सम्राट. तो स्वतः कॉफी पीत असे. दुसरे अबुना मातेवोस, १८८१ साली इजिप्तहून आलेले बिशप. ही मुसलमानी गोष्ट आहे हा पाद्र्यांचा समज त्यांनी दूर करायचा प्रयत्न केला. ते इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे. ज्या देशात ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी-शेजारी कॉफी पीत होते तिथून आलेल्या माणसाला हा बाऊ अनाठायी वाटला असेल तर नवल नाही.

पण नुसत्या मोकळ्या मनानं एवढं घडत नाही. त्याच काळातल्या लढायांच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की चित्र पुरं होतं. १८८२ साली एम्बाबोच्या लढाईत शेवाच्या सैन्यानं गोज्जामच्या राज्याला हरवलं आणि गिबे नदीपलीकडच्या कॉफीच्या मुलखाची वाट मेनेलिकच्या ताब्यात आली. जिम्माचा मुस्लिम राजा अब्बा जिफार दुसरा यानं लढण्याऐवजी खंडणी कबूल केली आणि आपलं राज्य राखलं. १८८७ साली हरार पडलं. १८९७ साली काफाचं राज्य महिनोन् महिने झुंजून संपलं. तिथला शेवटचा राजा गाकी शेरोचो बेड्यांत अदिस अबाबाला आणला गेला आणि पुन्हा कधी गादीवर बसला नाही. कॉफीची तीनही मोठी आगारं पंधरा-सोळा वर्षांत ख्रिस्ती राज्यात आली. ज्या मालावर तिजोरी भरायची तो माल पाप म्हणून हिणवत राहणं राज्याला परवडणारं नव्हतं. हरारहून झैला आणि पुढे जिबुतीमार्गे कॉफी बाहेर जाऊ लागली. १९०२ साली जिबुतीची रेल्वे दिरे दावापर्यंत आली, तसा हा व्यापार आणखी फुगला. त्यात आर्मेनियन होते, ग्रीक होते आणि पश्चिम भारतातून गेलेले बोहरा व्यापारीही होते. १८८० साली हरारला आलेला कवी आर्थर रॅंबो तर एका फ्रेंच पेढीचा कॉफी-खरेदीदार होता.

काफाच्या लोकांना या भरभराटीची किंमत जमीन, माणसं आणि राज्य गमावून मोजावी लागली. कॉफीचा इतिहास सांगताना हे वाक्य गाळू नये.

राजा पितो म्हणून पेय दरबारात येतं. चुलीपर्यंत ते दुसऱ्याच वाटेनं पोचतं. पठारावर कॉफी आली ती बहुधा बायकांच्या हातून. वोल्लो प्रांतात ख्रिस्ती आणि मुसलमान घरं सोयरिकीनं जोडलेली होती, आजही आहेत. तिथे मुस्लिम घरांत ‘वदाजा’ नावाची सामुदायिक प्रार्थना होते. कॉफी, खात आणि धूप हे तिचे घटक. ‘झार’ या अंगात येणाऱ्या आत्म्याला शांत करण्याच्या विधीतही कॉफी आणि धूप लागत. चर्चनं कॉफीला विरोध केला त्यामागे हेही एक कारण होतं, आणि काही कर्मठ पाद्री अजूनही धूप घालून कॉफी करण्यावर नाराज असतात. आजच्या समारंभातले धूर, आशीर्वाद आणि ठरावीक फेऱ्या कुठून आल्या असतील याचा अंदाज यावरून बांधता येतो. पहिली फेरी ‘अबोल’, दुसरी ‘तोना’, तिसरी ‘बेरेका’, म्हणजे बरकतीची. मुस्लिम घरातल्या प्रार्थनेचा हा शेवट ख्रिस्ती घरात टिकला असावा.

आता ती कॉफी कशी होते ते पाहू. सणाच्या दिवशी जमिनीवर ‘केतेमा’, म्हणजे ताजं कापलेलं लांब गवत पसरतात. घरची बाई किंवा मुलगी ठेंगण्या स्टुलावर बसते, अंगावर पांढरी सुती ‘नेतेला’. शेजारी कोळशाची शेगडी, तिच्यातल्या निखाऱ्यांवर धूप. हा धूप तिग्राय आणि अमहाराच्या कोरड्या डोंगरांतल्या झाडांचा डिंक. हिरव्या बिया पाण्यात चोळून धुतात आणि लोखंडी तव्यावर हलवत हलवत काळपट होईस्तोवर भाजतात. तवा मग पाहुण्यांसमोर फिरवला जातो आणि प्रत्येक जण हातानं तो धूर स्वतःकडे ओढतो. बिया लाकडी उखळात कुटतात. जेबेना या लांब मानेच्या मातीच्या चंबूत पाणी उकळत असतं, त्यात पूड पडते. कॉफी वर येते, खाली बसू देतात, पुन्हा उकळते. मग उंचावरून, धार न तोडता, ‘रेकेबोत’ या तबकावर मांडलेल्या बिनकानाच्या चिमुकल्या कपांत ती ओततात. पहिला कप घरातल्या सर्वांत वडील माणसाला, आणि तो नेऊन द्यायचं काम बहुधा लहान मुलाचं. सोबत भाजलेले जव, म्हणजे ‘कोलो’, नाहीतर मक्याच्या लाह्या. त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरी, मग तिसरी फेरी. एवढं होईस्तोवर तास-दीड तास सहज जातो, आणि तिसऱ्या फेरीआधी उठणं बरं दिसत नाही.

या मांडणीतली प्रत्येक वस्तू जुनी असेल असं समजू नये. मका अमेरिकेतून आलेला. चिनी मातीचे कप परदेशी व्यापारातून आलेले. साखर तर अगदी अलीकडची: वोंजी इथे डच कंपनीनं उभारलेला साखर कारखाना १९५४ साली सुरू झाला, आणि दोन-तीन चमचे साखरेची कॉफी शहरी सवय झाली. खेड्यांत अजून मीठ घालून पितात, कुठे लोणी घालून. कपात सतापाची डहाळी बुडवण्याची पद्धत अनेक भागांत आहे. प्रथा जिवंत असली की ती हाती लागेल ते आत घेते. प्लास्टिकच्या गवताची चटई पाहून नाक मुरडणाऱ्यांनी साखरेचं वय लक्षात घ्यावं.

जेबेना मात्र याहून वेगळी. ती मातीची आहे आणि ती बाईच्या हातची आहे. इथिओपियात मडकी घडवणं हे बायकांचं काम. चाक नाही, हातानंच वेटोळी रचत, गुळगुळीत करत, उघड्या जाळात भाजत त्या भांडी बनवतात. आणि देशाच्या बहुतेक भागांत कुंभारकाम करणाऱ्यांना समाजानं खालच्या पायरीवर ठेवलं. त्यांना जमीन नाही, त्यांच्याशी सोयरीक नाही, बऱ्याच ठिकाणी त्यांच्याबरोबर जेवण नाही. कुंभार आणि लोहार यांची नजर लागते, रात्री ते तरसाचं रूप घेतात, अशी ‘बुदा’ची समजूत पसरलेली होती. काफामध्ये मान्नो लोकांना मडक्यांच्या धंद्यामुळे वेगळं टाकलं गेलं. जातीच्या उतरंडीवर कुणाच्या हातचं काय चालतं आणि काय चालत नाही हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

गोंदारजवळच्या वोलेका गावाचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. तिथे बेता इस्रायल, म्हणजे इथिओपियाचे ज्यू राहत. पूर्वी गोंदारच्या सम्राटांचे महाल बांधण्यात त्यांच्या गवंड्यांचा आणि सुतारांचा हात होता. जमिनीचा हक्क गेल्यावर पुरुष लोहारकामात आणि बायका मातीकामात उरल्या. त्यांच्यावर ‘बुदा’चा ठपका होताच. तरी गोंदारच्या ख्रिस्ती घरांना मडकी आणि जेबेना त्यांच्याकडूनच घ्यावी लागत. जिच्या हातची जेबेना पंगतीच्या मध्यभागी बसायची, ती स्वतः त्या पंगतीत बसू शकत नव्हती. १९८४-८५ साली ‘ऑपरेशन मोझेस’मध्ये हजारो बेता इस्रायल सुदानच्या वाटेनं इस्रायलला गेले. सुदानच्या त्या वाटेवर उपासमारीनं आणि रोगानं खूप माणसं मेली. मे १९९१ मध्ये ‘ऑपरेशन सॉलोमन’नं सुमारे ३६ तासांत अदिस अबाबाहून चौदा हजारांहून अधिक लोकांना विमानांनी नेलं. इस्रायलच्या गावांत आता त्यांच्या घरी ‘बुना’, म्हणजे कॉफी होते, तिथे त्या बायकाच यजमान असतात. वोलेकात मागे उरलेल्या, ज्यू नसलेल्या बायका पर्यटकांसाठी मातीच्या वस्तू करतात.

कॉफीच्या वेळेला काय बोललं जातं, याला इतिहासकारांनी फार जागा दिलेली नाही. खरं तर समारंभाचं वजन तिथे आहे. कुणाचं लग्न अडलंय, कुणाचं पोर आजारी आहे, कुणा दोघींमधलं भांडण आता पुरे झालं, हे सगळं या फेऱ्यांमध्ये निघतं. ‘इकुब’ म्हणजे आपल्या भिशीसारखी आळीपाळीची बचत, आणि ‘इदिर’ म्हणजे मरणाच्या खर्चासाठी वर्गणी जमवणारी शेजाऱ्यांची मंडळी. दोन्हींची कामं कॉफीच्या बैठकीत होतात. एचआयव्हीबद्दलची भीती आणि कलंक कमी करायला, बाळंतपण दवाखान्यात व्हावं म्हणून गर्भवतींशी बोलायला आरोग्य कार्यकर्त्यांनीही याच बैठकीचा आधार घेतला, कारण बायका एकत्र बसून मोकळं बोलतात ती जागा आधीच तयार होती. आजही उत्तरेकडच्या ख्रिस्ती घरांत बुधवार-शुक्रवारच्या उपवासाला दूध-लोणी वर्ज्य असतं. काळी कॉफी चालते. जे पेय धर्मबाह्य होतं ते उपवासाचं झालं.

या सगळ्यात श्रम कुणाचे, हेही विचारायला हवं. धुणं, भाजणं, कुटणं, ओतणं, उष्टे कप विसळणं हे सारं मुलींच्या आणि सुनांच्या वाट्याला येतं, आणि बऱ्याच घरांत दिवसातून तीनदा. शाळेत जाणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बायकांनी ही बैठक आठवड्याच्या सुट्टीवर नेली तर प्रथा बुडाली म्हणून हळहळू नये. अदिस अबाबाच्या फुटपाथवर आता छोटं स्टूल, शेगडी आणि जेबेना मांडून बायका कॉफी विकतात. जे काम घरात फुकट होतं त्याचे पैसे मिळू लागले. इटालियन ताब्याच्या काळानंतर शहरात रुळलेला मशीनचा मॅकियाटो एकीकडे आणि रस्त्यावरची जेबेना दुसरीकडे, आणि गिऱ्हाईक दोन्हीकडे आहे.

इथिओपिया हा आफ्रिकेतला सर्वांत मोठा कॉफी-उत्पादक देश. कॉफी हा त्याच्या परकीय चलनाचा मुख्य आधार, म्हणून चांगल्या प्रतीचा माल बाहेर पाठवण्यासाठी राखला गेला. निर्यातीच्या दर्जाच्या बिया देशी बाजारात विकण्यावर बराच काळ कायद्यानं बंदी होती. घरोघरच्या उखळात पडतात त्या बहुधा उरलेल्या बिया. तरीही देशात पिकणारी जवळपास निम्मी कॉफी देशातच प्यायली जाते. आफ्रिकेतल्या कॉफी पिकवणाऱ्या देशांत असं उदाहरण क्वचितच.

युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत तुर्की कॉफीला २०१३ साली आणि अरबी कॉफीला २०१५ साली जागा दिली. मेस्केल, फिचे-चंबालाला, गादा, तिमकेत आणि हरारचा शुवालिद असे इथिओपियाचे पाच वारसे २०२३ पर्यंत त्या यादीत गेले. कॉफी त्यांत नव्हती. ती पुढेमागे जावी. आणि त्यासाठी जे कागद तयार होतील त्यांत मेनेलिक आणि अबुना मातेवोस यांच्याबरोबर वोल्लोच्या मुस्लिम घरांचं, ओरोमो वडीलधाऱ्यांच्या बुना कालाचं, काफाच्या जंगलवासीयांचं आणि वोलेकाच्या कुंभार बायकांचं नाव त्यांच्या गावासकट, त्यांच्या जातीसकट लिहिलं जावं.